कोणाचं सरकार?

अलेक्झांड्रियात वादळ शिरलं, ट्राम बंद पडली, म्हणून तो त्या दुकानात शिरला. नाहीतर कशाला शिरला असता! केसांतून पाणी गळतंय, बाहीतून पाणी गळतंय, आणि हातातल्या फोनमधूनसुद्धा... पाणीच.

"हलवू नका!" काउंटरमागून इनास ओरडली. "हलवलंत की आत पसरतं. ठेवा इथे. चालू करून बघितलात?"

"दोन... दोनदा."

"वा! पहिल्यांदा मेला नाही म्हणून पुन्हा मारलात?"

इनास एकोणीस वर्षांची. गणिताच्या बाईंशी भांडून शाळा सोडली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून सब्रीमामाच्या दुकानात फोन उघडायचे आणि पुन्हा जोडायचे. जीभ तिखट, नजर त्याहून. तिने मान वर केली आणि बघतच राहिली.

"तुम्ही तर ते... शुक्रवारवाले!"

होता तोच. हातेम. दर शुक्रवारी व्हिडिओ टाकायचा. कुठल्या कंपनीने कुणाला गिळलं, कुठलं ॲप बुडालं, पुढच्या वर्षी काय येणार. अर्धं शहर बघायचं.

"मागच्या शुक्रवारी तुम्हीच म्हणालात ना, आताच्या फोनना पाण्याने काही होत नाही?"

"कंपनी तसं सांगते..."

"कंपनीला म्हणावं, इथे येऊन बघ."

तो हसला. एकाच गालाला खळी पडली, डाव्या. इनास पटकन स्क्रूकडे बघायला लागली.

इतक्यात कोपऱ्यात बसलेल्या मामाचा फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं... सरकार. आत्तापर्यंत बॅटरीवाल्यावर डाफरणारा मामा एकदम लोण्यासारखा झाला. "हो... आणतो. कोथिंबीर पण? आणतो, आणतो."

"इथेही सरकारच!" हातेम कुजबुजला.

"गल्लीतल्या प्रत्येक नवऱ्याच्या फोनात बायकोचं नाव तेच आहे," इनास म्हणाली. "आणि मामी ते वाचून खूश होते, बोला!" मग तिने फोन उघडून पुसायला घेतला. "उद्या या. चालू होईल. पण सांगून ठेवते, पाणी प्यायलेला फोन सुधारला तरी परत येतोच. नंबर सांगा."

नंबर त्याने सांगितला. नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने काहीतरी टाईप करून फोन खिशात टाकलासुद्धा.

आणि फोन पुन्हा आला. पुन्हा आला. पुन्हापुन्हा आला! कधी आवाज बारीक, कधी कॅमेरा धूसर. पाचव्या वेळी तिने, ज्याचा संशय येईल त्या गिऱ्हाइकाला लावायची तसा, स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला. आठवड्याने फोन परत, आणि ठिपक्याला तडा.

"हा कोणी उघडला?"

"आपोआप... सैल झाला असेल."

"आपोआप? मग तुमच्या नखाला लाल रंगही आपोआप लागला?"

त्याने हात मागे लपवला. ती खो-खो हसली. असे तीन महिने गेले. ती सोल्डर करायची आणि तो स्टुलावर बसून भाजलेलं रताळं खात सांगायचा, आता कंपन्या बॅटऱ्या चिकटवूनच टाकणार, मग तुझ्यासारख्यांनी काय करायचं? ती म्हणायची, गरम हवा मारायची, आणि काय! अजून कुठल्या गोंदाने मला हरवलेलं नाही.

मग एका दुपारी तो सहज बोलावं तसं बोलला. "दुबईच्या एका कंपनीत लागलोय. गुरुवारचं विमान आहे."

इनासच्या हातातला स्क्रू घरंगळून कुठे गेला कुणास ठाऊक.

"बरं झालं," ती म्हणाली.

बस. त्याने एक शब्द काढला नाही. आणि तिने स्वतःहून विचारायचं? जीव गेला तरी नाही! पण गुरुवारपर्यंत तो बोलला नाही तर... तर संपलंच की सगळं.

बुधवारी सकाळी मामाने ते नवं ॲप टाकलं. कुठलाही नंबर घाला, तो लोकांनी आपापल्या फोनात कुठल्या नावाने ठेवलाय, ते सगळं बाहेर! शहरभर त्यावरून भांडणं लागली होती. हातेमने त्यावर अख्खा शुक्रवार घालवला होता... "टाकू नका! ते तुमच्या फोनातली नावं उचलतं आणि जगाला दाखवतं. माझ्या फोनात हे कधी येणार नाही!" इनासने ऐकलं होतं. टाकलं नव्हतं.

"सब्री चिकट!" मामा किंचाळला. "चौदा लोकांनी मला चिकट म्हणून ठेवलंय! थांब, तुझं बघू."

"मामा, नको—"

"इनास मोबाईल. इनास भडकू. बॅटरीचोर... हा कोण गाढव? लाल ठिपकेवाली. आणि..."

मामाने पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"इनास. तू कोणाचं सरकार आहेस?"

"काय?"

पडद्यावर स्पष्ट होतं. सरकार. एक माणूस.

तिच्या नंबराला कुणीतरी बायको करून टाकलंय, आणि तिलाच पत्ता नाही! कोण असेल? रताळीवाला? तो बॅटरीवाला, ज्याचे दात बाहेर? आणि जो असायला हवा होता तो तर असूच शकत नव्हता. त्याच्या फोनात ते ॲप कधी आलंच नव्हतं ना.

"नवरा आहे कुठेतरी, आणि मामाला लग्नाचं जेवणसुद्धा नाही!" मामा टेबल बडवत होता. तेवढ्यात हातेम दारात.

"पडद्याला काच लावून घ्यायची होती. उद्या निघायचंय ना..." त्याने फोन रबराच्या चटईवर ठेवला. "काय झालं?"

"ते ॲप!" मामा गरजला. "कुणीतरी आमच्या पोरीला सरकार म्हणून ठेवलंय!"

हातेमचा चेहरा चुन्यासारखा झाला, आणि कान मात्र मिरचीसारखे. त्याचा हात सावकाश... चटईकडे सरकायला लागला.

इनासच्या नजरेतून काय सुटणार? तिने आपला फोन काढला आणि त्याचा नंबर लावला.

चटईवरचा फोन थरथरला. उजळला.

सरकार.

मामाचं वासलेलं तोंड बंदच होईना. फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं.

"पाच मिनिटं," हातेम कसाबसा म्हणाला. "व्हिडिओ करायचा तर आत काय आहे ते बघायला नको? फक्त पाच मिनिटं टाकलं. लगेच काढलं!"

"काढलं म्हणजे संपत नाही, हे तुम्हीच शिकवता ना जगाला?" तिचा आवाज चढला. रागाने की कशाने, तिलाच सांगता आलं नसतं. "मला कळायच्या आधी ॲपला कळलं! मामाला कळलं!"

"इनास..."

"फोन बोलला ते मी ऐकलेलंच नाही. तोंडाने सांग."

त्याने मामाकडे बघितलं. मामा हाताची घडी घालून उभा. पळायला वाट नाही.

"पहिल्याच दिवशी..." तो म्हणाला. "तू ओरडलीस ना, हलवू नका म्हणून. तेव्हापासून मी हललेलोच नाही."

इनासने खाली बघितलं. यावेळी बघायला स्क्रूसुद्धा नव्हता.

"दुबई?" तिने विचारलं.

"एका वर्षाचा करार आहे. विमान शनिवारवर ढकलतो."

"शुक्रवारी नमाजानंतर आईला घेऊन घरी ये," मामा खाकरला. "आणि मिठाई भरपूर आण. चिकटपणा चालणार नाही."

दारात हातेम थांबला. "तुझ्या फोनात माझं नाव काय आहे?"

"ते कुठल्या ॲपच्या बापाला सापडायचं नाही. मी तुझं ऐकलं होतं."

तो हसत गेला. ट्रामच्या थांब्यावर पोचला नसेल तोच इनासचा फोन वाजला. पहिल्या दिवशी घाईघाईत टाईप केलेलं नाव पडद्यावर आलं, आणि मामाने मान वळवायच्या आत तिने फोन छातीशी पालथा धरला.

परत येणार.