बाबांनी भरलेला दात

बाबांचा दवाखाना बंद झाला आणि दात साफ करायला कुठे जायचं, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा मला पडला. ऑफिसच्या खालच्या मजल्यावर एक पाटी दिसली, म्हणून सहज आत शिरले.

डॉक्टर तरुण होता. मास्कच्या वर नुसते डोळे… ते हसताहेत असं उगाच वाटत राहिलं. हवेच्या झोतानं बारीक पावडर मारली की चहाचे डाग जातात, दुखलंच तर हात वर करा, असं त्यानं सांगितलं. मी दोनदा केला. दोन्ही वेळा दुखत नव्हतं.

घरी आले आणि जीभ पुढच्या दातापाशी अडखळली. खरखर लागत होती. कॉलेजात असताना तो दात तुटला, तेव्हा बाबांनी फिलिंगनं त्याचा कोपरा घडवला होता. रंग जुळेपर्यंत अख्खी दुपार घालवली होती. बाबा जाऊन आता वर्ष होत आलंय.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेले. त्यानं दात कोरडा केला, पुन्हापुन्हा पाहिला, मग मास्क काढला.

“हे फिलिंग आहे? मला कळलंच नाही. पावडरीनं त्याची चमक जाते… विचारायला हवं होतं. चुकलं माझं.” दिवा बाजूला करत म्हणाला, “कुणी केलंय? भेटायला आवडेल मला.”

बाबांनी केलंय आणि ते आता नाहीत, हे सांगताना माझाच आवाज मला परका वाटला.

त्यानं सांगितलं, तसंच ठेवलं तर फिलिंग डाग धरेल, पॉलिश केलं तर वरचा पातळ थर जाईल. बाबांच्या हातचा. ‘थोडासाच तर जाईल’ असं तो म्हणाला नाही, म्हणून मला भांडताच येईना.

उद्या सांगते म्हणत मी रोज जात राहिले. एका दातासाठी इतक्या फेऱ्या मारतेस, बाकीचे रुसतील, आई म्हणाली. मी बाबांसाठी जात होते की त्याच्यासाठी? धड रडू येत नव्हतं, धड आनंदही होत नव्हता.

शेवटी म्हटलं, करा. बारीक चकतीनं, थांबत थांबत त्यानं ते केलं. जिभेला गुळगुळीत लागलं.

“आता याला माझाही हात लागला,” तो हळूच म्हणाला. “बाबांना चाललं असतं?”

“त्यांनी आधी तुमचे दात पाहिले असते.”

तो मुकाट्यानं खुर्चीत बसला. आ केला. मी दिवा वळवला – डॉक्टरांच्याच दाढेत ही एवढी कीड. मला हसू फुटलं आणि त्यातच रडू… तोंड उघडं ठेवून तो तसाच थांबून राहिला.