तिसऱ्या हाताचे तेरा पत्ते

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात पत्त्यांना हात लावला नव्हता. बायको आणि तिची धाकटी बहीण रोज तीन वाजता कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर रमी मांडत. "तुम्हीही बसा की, शिकवते," असं बायको तीस वर्षं म्हणत आली आणि मास्तर तीस वर्षं मान खाली घालून काजं करत राहिले.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मेहुणी सवयीने तीनला आली आणि दारातच थबकली.

"आलीच आहेस तर मला शिकव," मास्तर म्हणाले. उशिरा सुचलेलं शहाणपण. त्यांचं त्यांनाच रडू आलं.

मेहुणीने तेरा-तेरा पत्ते वाटले. दर पाळीला एक उचलायचा, एक टाकायचा. तेराही जुळले की डाव उघडा करायचा. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बदाम काय नि चौकट काय, लाल ते लाल म्हणून मास्तर एकत्र लावत. मेहुणी रोज जिंकत होती.

चौथ्या दिवशी गड्डी फारच लवकर संपली. जोकर धरून पत्ते त्रेपन्न. दोघांचे वाटून सत्तावीस उरायला हवेत. मास्तरांनी पुन्हा वाटून मोजले, तर चौदाच. टेबलाखाली पाहिलं, कापडं झटकली. सगळे गोळा केले की त्रेपन्न भरत. वाटले की पुन्हा चौदा.

"तेरा कमी," मेहुणी हळूच म्हणाली. "एका माणसाचे."

मास्तरांनी तिसऱ्या बाजूला स्टूल सरकवलं.

मेहुणीची पाळी झाली की ते खिडकीकडे बघत. नजर परत येईपर्यंत टाकलेल्या पत्त्यांवर आणखी एक पडलेला असे, नेमका मास्तरांच्या कामाचा.

"मला ताईने कधी एक पत्ता सोडला नाही," मेहुणी म्हणाली.

आठवड्याने मास्तरांना एकच पत्ता हवा होता, चौकटची सत्ती. ती पडली. मास्तरांनी उचलली नाही.

"भावोजी, लागला की तुमचा डाव."

"मला खेळता आलं, की ती कशाला बसेल?"

त्यांनी सत्तीवर दुसराच पत्ता टाकला. पुढच्या पाळीला सत्ती पुन्हा वर होती. तिच्या पुढच्याही.

पाच दिवस तो डाव तसाच टेबलावर राहिला. मास्तरांनी त्या टेबलावर कापड बेतणंही सोडलं.

"तिला दमवू नका हो," मेहुणी म्हणाली.

मास्तर पाणी आणायला आत गेले.

परत आले तर त्यांचे तेरा पत्ते टेबलावर उघडे मांडलेले होते. ओळीने, रंगाप्रमाणे. सत्ती तिच्या जागी होती.

"मी हात नाही लावला, भावोजी."

मास्तरांनी पत्ते गोळा केले, पिसले. तेरा मेहुणीला, तेरा स्वतःला. उरलेले मोजले.

सत्तावीस.

त्यांनी पुन्हा मोजले.