शेपटी कुठल्या बाजूला

तारांगणाच्या दारातून आत शिरताना निळ्या रंगाचा एक थेंब टपकन त्याच्या चष्म्यावर पडला. वर परांचीवर एक चित्रकार मुलगी उभी होती. तोंडातला कुंचला काढून ती म्हणाली, "पुसू नका... शोभतोय."

त्याने तो दिवसभर पुसला नाही.

तो तारांगणात निवेदक होता. अंधारात तीनशे माणसांपुढे घडाघडा बोलायचा. दिवे लागले की जीभ टाळ्याला चिकटायची. तिकीट खिडकीवर बसणारी त्याची ताई म्हणायची, याचं लग्न दिवे मालवूनच लावावं लागेल.

चित्रकार भिंतीवर धूमकेतू रंगवत होती, सूर्याला वळसा घालून दूर निघालेला. पहिल्या दिवशी, सोमवारी, त्याने स्वतः लिहिलेली माहितीपुस्तिका तिच्या हातात कोंबली आणि पळ काढला. बुधवारी शेपटी उमटली, आगगाडीच्या धुरासारखी मागे, थेट सूर्याकडे. चूक त्याला लगेच दिसली. सांगावं, तर तिची मेहनत पाण्यात. न सांगावं, तर शाळेची पोरं चुकीचं शिकणार. शिवाय शनिवारी ती दुसऱ्या गावी कामाला जाणार होती. आता चूक दाखवली, तर तिला वाटेल, आपल्याला थांबवून घ्यायलाच याने खोड काढली. रोज चहाचे दोन पेले घेऊन तो जायचा, आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतायचा.

शनिवारी दुपारी ती कुंचले धुऊ लागली. खिडकीतून ताईने नुसती भुवई उडवली.

"शेपटी... उलटी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे कशी?"

रंग वाळवायला ठेवलेला पंखा त्याने सुरू केला, एका काठीला रंगाचं फडकं बांधलं आणि हा पंखा सूर्य, असं म्हणून तो सांगत सुटला. धूमकेतू म्हणजे बर्फाचा आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ तापला की त्यातून वायू आणि धूळ सुटते. धुळीला प्रकाश ढकलतो, तिची होते वाकलेली, पिवळसर शेपटी. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा अखंड वाहतो, तो वायूला फरफटत नेतो; त्याची सरळ, निळी. दोन्ही सूर्यापासून लांब पळतात, म्हणून परत जाताना शेपटी पुढे आणि धूमकेतू मागे! बोलता बोलता तो पंख्यापासून दूर चालत निघाला, फडकं त्याच्यापुढे फडफडत. भर उजेडात तो एकदाही अडखळला नव्हता.

"कधी लक्षात आलं?" तिने विचारलं.

"बुधवारी."

"आणि सांगताय आज?"

"तुम्हाला वाटलं असतं, तुम्ही थांबावं म्हणून..."

"आणि तसं नाहीये?"

त्याने काठी खाली घेतली.

"तसंही आहे," तो म्हणाला.

तिने खिशातून त्याची पुस्तिका काढली, रंगाच्या बोटांनी डागाळलेली, शेपट्यांच्या पानावर कोपरा दुमडलेली. मग ओलं फडकं भिंतीवरून फिरवलं. शेपटी सरळ पुसली गेली.

"खडू आहे तो. म्हटलं, चूक बघून तरी हा माणूस तोंड उघडेल. तीन दिवस नुसता चहा पाजलास!"

"मला कळलं कसं नाही?"

"भिंतीकडे बघत होतास कुठे?" ती हसली आणि पंख्याजवळ जाऊन उभी राहिली. "त्या गावाला आठवड्याचा उशीर कळवलाय. आता जवळ येतानाची दाखव. मला नीट काढायचीय."

काठी घेऊन तो तिच्याकडे चालू लागला. फडकं मागे उडालं.

"जवळ येताना... अशी असते," तो म्हणाला, आणि थांबायचं विसरला.