एका दमात

"माझे स्वल्पविराम कुणी खाल्ले?"

दारात ओली छत्री झटकत उभा असलेला हा माणूस नावाजलेला विनोदी लेखक आहे, हे मला कुठलं ठाऊक? छापखान्यात प्रुफं तपासायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. बाहेर कळकट ढग होते आणि आत भरदिवसा दिवा लावलेला.

"मी," मी म्हणाले. "फार होते हो... वाचताना ठेच लागत होती."

"अहो कात्रीबाई, तिथे प्रेक्षक हसतो! त्याला हसायला जागा नको?"

झालं. माझं नाव कात्री पडलं. मग तो रोजच येऊ लागला. मूळ लिखाण तो मोठ्यानं वाचायचा, अगदी चिन्हांसकट, आणि मी प्रुफावर बोट फिरवायचे. काय काय लिहायचा तो! भुतांचे फार्स, मुलांची गाणी, दंतमंजनाच्या जाहिराती, उद्गारचिन्हाचं भलंमोठं चरित्र. मधेच म्हणायचा, "स्वल्पविराम..." आणि माझ्याकडे बघायचा.

"तिथे काहीच नाहीये."

"माहितीये. तुमच्याकडे बघायला थांबलो."

मी आतून विरघळायचे आणि वरून गाल फुगवायचे.

मग त्याचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, पण आवाज जाईल. आदल्या दिवशी तो म्हणाला, "कात्री, एक सांगायचं होतं —" खोकल्याची उबळ आली. "जाऊ दे. तुम्ही कापूनच टाकाल."

आणि मी वेडी, हसले. त्याचा आवाज मी ऐकला तो तेव्हाच, शेवटचा.

घरी आल्यावर तो कुणाला भेटेना. त्याची ताई मला दारातूनच परत पाठवायची. शेवटी एकदा त्याच्या नव्या नाटकाची प्रुफं घेऊन मी सरळ आत घुसले, ताई माझ्या मागोमाग. पडदे ओढलेले, औषधांचा वास, गळ्याला पांढरी पट्टी. त्यानं पाटी ओढली नि लिहिलं, 'मुक्या माणसापायी आयुष्य वाया घालवू नका. येत जाऊ नका.' पूर्णविराम इतका दाबला, की खडू मोडला.

"बरं," मी म्हणाले. "एवढं तपासून घ्या, मग जाते."

आता वाचणारी मी होते. विराम चुकला रे चुकला की पेन्सिल टेबलावर — टक! मी मागे जायचे, थांबायचे, पुन्हा वाचायचे. टक! आवाज गेला होता, खोड कुठे जाते? नायिकेच्या भाषणापाशी आले आणि मी कागद खाली ठेवला.

"मला तुझ्याजवळ राहायचंय तुझं सगळं लिहिलेलं वाचायचंय तुझ्याशी भांडायचंय तू बोलत नाहीस म्हणून मी निघून जाईन असं वाटलंच कसं तुला मी नाही जाणार मला तू हवायस..."

दम संपला. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. पेन्सिल वर उचललेली दिसत होती. मी 'टक' ऐकायला कान टवकारले.

ती वाजली नाही. त्यानं ती हळूच बाजूला ठेवली आणि माझा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते, माझे तर वाहतच होते.

बऱ्याच वेळानं त्यानं पानाकडे बोट दाखवलं, वाच म्हणून. हात मात्र सोडला नाही. त्यामुळे उरलेली पानं ताईला उलटावी लागली.