जियामामीची फुंकर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही. यात पदरचं एक अक्षर नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं ते आमचे सख्खे जमीरमामू आणि त्यांची बायको जियामामी अजून वणीतच राहतात.

साल २००६. एप्रिलमधली भर दुपार.

चंद्रपूर रस्त्यावर मामूंचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून ट्रकांना भाडं नव्हतं. मग गाडी रंगवणार कोण? मामू माशा मारत बसले होते.

तेवढ्यात मुकुटबनचे विठ्ठलराव आले. काखेत कॉम्प्युटरचा डब्बा. नुसता पत्रा... आत काहीच नाही.

"मिस्त्री, याची भोकं बुजवून दे. एकबी ठेवू नको."

"काकाजी, नवा घ्या ना. याले कायले पैसे लावता?"

"तू बुजव."

म्हाताऱ्यानं डब्ब्याकडे एकदाही पाहिलं नाही. ठेवला आणि घाईनं निघून गेला.

मामूंनी भोकांवरून बोट फिरवलं. तुरीच्या दाण्याएवढी भोकं. पण पत्र्याची कड... बाहेर वळलेली होती.

मामूंचा जन्म पत्रा ठोकण्यात गेला होता. त्यांना लगेच कळलं.

भोकं आतून पाडली होती.

पण रिकामा बसलेला माणूस आलेलं काम सोडत नाही. त्यांनी कड ठोकून बसवली, पत्रा घासला. पुट्टी भरण्याआधी भोकातली धूळ उडवावी लागते, नाहीतर पुट्टी पकडत नाही. लाइट गेलेली, हवेची मशीन बंद. तोंडानं फुंकावं, तर गालात नुकताच भरलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा! वणीचा माणूस एक वेळ जेवण सोडेल, पण ताजा खर्रा थुंकणार नाही. समोर जेवणाचा डबा घेऊन जियामामी उभी होती. मामूंनी हातानंच खूण केली... फुंक.

मामी हसली. "तुमचा खर्रा मले कामाले लावते, जी."

तिनं एकेका भोकात फुंकर मारली. शेवटच्या भोकाशी मात्र थबकली.

"अजी... आतून कोणतरी माही फुंक ओढून राह्यलं."

मामूंनी ते हसण्यावारी नेलं. पुट्टीत हार्डनर कालवलं, सगळी भोकं भरली. वाळल्यावर सवयीनं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. ठक ठक.

आतून आलं...

ठक.

मागे ताटली पडली. मामी गळा धरून खाली बसली होती. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ काळेनिळे. छाती हलतच नव्हती.

"जिया! सास घे, जिया!"

मामी श्वास घेत नव्हती. डब्बा घेत होता... सावकाश, पोटभर.

मामूंनी खर्रा थुंकला, पेचकस उचलला आणि दिसेल त्या भोकावर हाणला. पुट्टी फुटली.

मामीनं मोठ्यानं श्वास ओढला.

मामू बाकीची भोकं उघडायला गेले, तर...

भोकं नव्हतीच. पुट्टी नाही, घासल्याची खूण नाही. सलग पत्रा. लाइट आल्यावर त्यांनी ड्रिल लावलं. टोक टेकताच मामी छाती धरून किंचाळली. मामूंनी ड्रिल फेकून दिलं.

संध्याकाळी ते डब्बा घेऊन मुकुटबनला गेले. विठ्ठलरावांनी दार उघडलं नाही. आतूनच विचारलं...

"फुंकलं कोणी?"

"माह्या बायकोनं."

मग म्हातारा रडायला लागला.

"आमची पोरगी, प्रेरणाबी तो डब्बा फुंकूनच साफ करे. ते मेली, पण तिची फुंक आतच राह्यली. बाहेर पडासाठी भोकं पाडे... ते ठक ठक मले आयकवत नव्हतं, बाप्पा. म्हणून तुह्याकडं आणला. मले वाटलं, तुह्याकडं हवेची मशीन असन!"

"डब्बा वापस घ्या, काकाजी. एकच भोक उघडं राह्यलं, तिची सास त्यातूनच चालते."

"आता तो तुमचा हाये. ते एक भोक बुजू देऊ नका."

दार शेवटपर्यंत उघडलं नाही.

मामूंनी त्या दिवसापासून खर्रा तोंडात घातला नाही. डब्बा त्यांच्या घरात कपाटावर आहे. पण वणीत कोळशाची धूळ. बाहेरून ट्रक गेला की घरात काळा थर बसतो. भोकावरही बसतो.

मागच्या ईदला आम्ही सगळे शीरखुर्मा खात होतो. मामी कुणाची तरी नक्कल करत होती आणि... मध्येच थांबली. वाटी हातातून सुटली.

मामू उठले. खिशातून सुई काढली, भोक साफ केलं. मामीनं श्वास घेतला आणि अर्धी राहिलेली नक्कल पूर्ण केली. कुणीच हसलं नाही.

मामूंचे हात आता कापतात. परवा त्यांनी ती सुई माझ्या हातात ठेवली.

मी हे मामूंच्या घरी बसून लिहितोय, आणि बाहेरून कोळशाचा ट्रक जातोय.

शेजारच्या खोलीत मामी आत्तापर्यंत बोलत होती...