हिरव्या पडद्यासमोर

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझी कीव करणार नाही. बाबांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं, घाबरायला नाही. म्हणून देऊळघाटहून बुलढाण्याला ‘घाटवार्ता’च्या स्टुडिओत मी गेले ती अगदी निवांत, नवा निळा ड्रेस घालून. वृत्तनिवेदिकेच्या जागेसाठी चाचणी होती. जागा मिळाली तर मी इथंच राहणार होते, नाही तर पुण्यात मावशीच्या ओळखीनं कुठल्यातरी ऑफिसात फोन उचलायचे होते. मला आपल्या माणसांना आपल्या जिल्ह्याच्या बातम्या सांगायच्या होत्या. आणि माझ्यासारखं वाचणारं दुसरं कोणी नाही, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

घाटवार्ता माहीत नसलेलं घर आमच्या भागात शोधूनही सापडायचं नाही. स्टुडिओ मात्र बाहेरून स्टुडिओ वाटतच नाही. तो जुना बर्फाचा कारखाना आहे. बर्फ केव्हाच बंद झाला, पण त्या जाड भिंतींत थंडावा मुरलेला आहे. खिडकी एकही नाही. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, आणि मागे दार लागलं तशी भरदुपारी रात्र झाली. ओल्या लाकडी भुशाचा वास आला. इतकी शांतता की स्वतःचा श्वास दुसऱ्याच कोणाचा वाटावा.

मालक भागवतकाका दिवा लावत पुढे झाले. साठीचा माणूस, आवाज एकदम मऊ.

“कारखाना माह्या बाचा,” ते सांगू लागले. “बर्फ खपेना. विकाले काढला होता. तं पंचफुला म्हने, अठी बाहेरचा आवाज येत नाही, आपन टीव्ही काढू. लोक हसले. पहिल्या बातम्या तिनंच वाचल्या.”

पंचफुलाबाई म्हणजे त्यांची पत्नी. त्यांना बघतच मी मोठी झाले. आमची आई भाकरी थापता थापता टीव्हीतल्या पंचफुलाबाईंशी वाद घालायची. दोन वर्षांपूर्वी त्या अचानक गेल्या, तेव्हा आई दिवसभर जेवली नव्हती.

आतल्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हिरवं घालून आत येऊ नये. कारण काकांनीच समजावलं. निवेदिकेच्या मागे हिरवागार पडदा असतो. यंत्र हिरवा रंग तेवढा पुसतं आणि तिथं हवं ते चित्र बसवतं. अंगावर हिरवं असलं की तेही पुसलं जातं आणि माणूस अर्धाच दिसतो.

“एक सरपंचबाई हिरव्या साडीत आल्या होत्या,” काका हसले. “नुसतं मुंडकं बोलत होतं.”

मीही हसले. पण त्यांचं हसू तिथंच विझलं.

“पंचफुला अहेवपनी गेली. धामनगाव बढ्याहून तिच्या माहेरचे हिरवं पातळ घेऊन आले. रीतच आहे. पन ती मले नेहमी सांगे, मले हिरवं नेसवू नका हो… मी दिसनार नाही. मी थट्टेवारी नेलं. अन् त्या दिवशी चार लोकांत कोनाले सांगाव हे? नेसवू देलं…”

मी खुर्चीत जाऊन बसले.

समोर कॅमेरा, त्यावर बातमीच्या ओळी सरकणारी काच, आणि बाजूला लहान टीव्ही, ज्यात मी कशी दिसते ते मला दिसत होतं. माझ्यामागे लोणारचं सरोवर होतं. कॅमेऱ्यावर गोविंदा होता. काका त्याच्या शेजारीच स्टुलावर बसले, टीव्हीकडे पाठ करून. मला ते विचित्र वाटलं, पण मी वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या बातमीला ओल्या हळदीचा वास आला. टीव्हीत माझ्या खांद्याशेजारी सरोवराच्या पाण्यावर एक चेहरा होता. कपाळभर कुंकू. खाली मान नाही, खांदे नाहीत. अंग असायला हवं तिथं नुसतं पाणी. जरा खाली दोन हात, मनगटापाशी तुटलेले. बांगड्याही हिरव्याच भरल्या असणार.

मी मान वळवली. शेजारी कोणी नव्हतं. पडदा स्तब्ध होता.

“थांबू नका, ताई…” गोविंदा पुटपुटला. त्याची नजर जमिनीवर होती. “वाचत राहा…”

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? पण त्यापाठोपाठ रागही आला. ही माझी चाचणी होती.

“बाई,” मी हळूच म्हणाले, “मला वाचू द्या…”

चेहरा किंचित बाजूला झाला. मी वाचलं, शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. त्यांचे डोळे माझ्याबरोबर ओळीओळीवरून सरकत होते.

बाहेर उन्हात आल्यावर काका म्हणाले, “जागा तुही. उद्यापासून ये.” मग आवाज खाली गेला. “दिसली ना?”

“हो.”

“आधीच्या पोरीईलेही दिसली. पळाल्या बिचाऱ्या. माही पाहाची हिंमत होत नाही. पन एक पुसतो… डोये मिटलेले होते ना तिचे? मीच मिटवले होते, ह्या हातानं. सगळ्या पोरी म्हनल्या, मिटलेलेच होते. झोपल्यावानी उभी राह्यते म्हने. तेवढ्यावर मले झोप लागते, पोरी…”

ओळींवरून सरकणारे ते डोळे मला आठवले. पण तो म्हातारा माझ्याकडे अशा आशेनं बघत होता, आणि खरं सांगायचं तर मला ती जागाही हवी होती.

“मिटलेलेच होते,” मी म्हणाले.

आता मी रोज बातम्या वाचते. छान वाचते. बाजारात लोक ओळखतात, आई माझ्याशीही वाद घालते. पंचफुलाबाई शेजारी असतात, त्याचीही सवय झाली. फक्त हल्ली त्यांची नजर ओळींवर नसते. ती बाजूला वळलेली असते, काकांच्या स्टुलाकडे. आणि टीव्हीत त्यांचा चेहरा रोज जरा मोठा दिसतो. चेहरा मोठा दिसतो म्हणजे माणूस कॅमेऱ्याच्या जवळ आलेलं असतं, एवढं आता मला कळतं.

बातम्या संपल्या की काका स्टुलावरूनच हळू आवाजात विचारतात, “मिटलेलेच आहेत ना, पोरी…?”

मी हो म्हणते.