हिरवळीतल्या नारिंगी झेंड्या

केबल तुटली त्या सकाळी प्रत्येकाला आधी आपलाच फोन बिघडला असं वाटलं. लोक फोन तळहातावर आपटत गॅलरीत आले, समोरचेही तेच करताना दिसले, आणि कित्येक महिन्यांनी शेजाऱ्यांनी एकमेकांची तब्येत विचारली.

भाऊजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मागच्या अंगणात कुदळ घेऊन उभे होते. बायकोने आजारी पडण्याआधी लिंबाचं रोप आणलं होतं. ते आज लावायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. गेल्या महिन्यातही ठरवलं होतं.

"तिथे नको," मागून आवाज आला. "तिथून पाण्याची लाईन जाते म्हणायची ताई."

"नेमकी कुठून?"

"ते तिलाच माहीत होतं."

भाऊजींनी कुदळ भिंतीला टेकवली. मागे उभी होती ती त्यांची मेहुणी. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून घरात तिला टाचणी म्हणत. नाव भाऊजींनीच ठेवलेलं. त्यांचा सगळा जन्म शिंपीकामात गेला होता, त्यामुळे त्यांच्या मते हे कौतुकाचं नाव होतं. टाचणी खासगी तपासाची कामं घ्यायची आणि बहीण गेल्यापासून प्रत्येक कामाला भाऊजींना बरोबर न्यायची. कारण सांगायची, साक्षीदार लागतो.

पुढच्या दाराची कडी वाजली. दारात एक धिप्पाड माणूस टोपी हातात धरून उभा होता. बूट मातीने भरलेले.

"फोन लावत होतो, लागेना. तुमच्या ऑफिसला कुलूप. खालच्या लॉन्ड्रीवाल्याने इथे धाडलं."

"आज सगळ्यांचेच बंद आहेत," टाचणी म्हणाली. "कोणीतरी केबल तोडलीय म्हणे."

"मीच तो," माणूस म्हणाला.

भाऊजींनी त्याला खुर्ची दिली.

तो खोदकामाच्या मशीनवर ड्रायव्हर होता. वाचनालयाच्या हिरवळीत सांडपाण्याच्या पाईपसाठी चर खणायचा होता. खालून फोन-इंटरनेटची केबल जात होती, म्हणून काल दुपारी कंपनीचा माणूस यंत्र फिरवून गेला आणि केबल जिथून जाते तिथे वरती नारिंगी झेंड्या खोचून गेला.

"झेंड्यांच्या जवळ मशीन लावायचं नाही, हाताने खणायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा. आज सकाळी झेंड्यांपासून चांगला दोन हात लांब होतो. तरी मशीनच्या बकेटला केबल लागली. आता मुकादम म्हणतो, तू झेंड्यांवरच खणलंस, आणि तुटल्यावर झेंड्या उपटून लांब लावल्यास."

"आणि झेंड्या लावणारा?"

"तोही तेच म्हणतो. चार वाजता कंपनीचे साहेब येतायत. त्यांनी तसं लिहिलं की माझा परवाना गेला. मग मी करू काय? मला दुसरं काही येत नाही, बाई. पोरगी रांगत होती तेव्हापासून मशीनवर आहे, साधी वायर तोडली नाही."

"भाऊजी, चप्पल घाला," टाचणी म्हणाली.

वाचनालय छोटं, टुमदार होतं. पुढची हिरवळ अशी एकसारखी कापलेली की भाऊजींना तिच्यावर पाय ठेववेना. एका बाजूने चर गेला होता. चराच्या कडेला मातीचा ढीग, आणि ढिगाखालून कापलेल्या गवताचा चुरा बाहेर आलेला. पलीकडे, दोन हातांवर, नारिंगी झेंड्यांची रांग.

"काय पण रांग आहे," भाऊजी म्हणाले. "दोरी धरून लावल्यासारखी. मीसुद्धा सरळ कडेला इतक्या सारख्या टाचण्या लावल्या नसत्या. घेराची गोल कड असती तर अजून दोन-चार लागल्या असत्या."

टाचणी एकदम थांबली. "काय म्हणालात?"

"काही नाही, आपलं शिंप्याचं बोलणं."

भाऊजी आता वाकून बघत होते. "शिवाय गवत बघ. झेंड्यांच्या अगदी बुडाशी कापलंय. एक पुंजका राहिला नाही. गवत कापायचं मशीन इतकं जवळ कसं फिरवलं असेल?"

"चांगला प्रश्न आहे. सांभाळून ठेवा."

मुकादम हातवारे करत आला. "यात तपास कसला करायचाय, बाई? केबल इथे चरात, झेंड्या तिथे. झेंड्या काय चालत गेल्या?"

"खणण्याआधी केबल डोळ्यांनी बघितली होतीत? हाताने एखादा खड्डा घेऊन?"

"झेंड्या समोर दिसत असताना कशाला उकरत बसायचं?"

झेंड्यांच्या रांगेत कुठेच गवत उकरलेलं नव्हतं, हे भाऊजींनाही दिसत होतं. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं." मुकादमाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

झेंड्या लावणारा सडपातळ तरुण गृहस्थ पायरीवर बसून शिट्टी वाजवत होता.

"माझ्या झेंड्या केबलवर होत्या," तो म्हणाला. "काल वाढलेलं गवत होतं, तरी यंत्र ओरडेल तिथे खोचायची, एवढंच माझं काम. इथे केबल मध्येच पोट काढून गेलीय. पूर्वी झाड होतं, त्याला वळसा घालून टाकलेली. झाड पडलं, वळसा राहिला."

"हे खोटं कशावरून नाही?" ड्रायव्हर उसळला. "मी आलो तेव्हा रांग सरळच होती."

"दोघंही थांबा," टाचणी म्हणाली. हिरवळीतून सिमेंटची पायवाट आडवी गेली होती. तिच्यावर झेंडी खोचता येत नाही, म्हणून नारिंगी रंगाचा पट्टा मारलेला होता. पट्टा तिरका होता.

"हात हलला असेल," मुकादम म्हणाला.

"असेल," टाचणी म्हणाली आणि पट्ट्याच्या दिशेने नजर नेली. ती नजर थेट चराकडे गेली.

आत वरच्या मजल्यावर ग्रंथपालबाईंनी त्यांना चहा दिला. सगळ्या कपांचे कान एकाच दिशेला. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचं पेन पट्टीला समांतर केलं, मग भाऊजींच्या शर्टाची वर गेलेली कॉलर बघून हात मागे घेतला. बाईंच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"हिरवळ फार छान ठेवलीय," भाऊजी मनापासून म्हणाले. "माळी हुशार आहे."

"माळी आठवडाभर लेकीकडे गेलाय," बाई म्हणाल्या. "उद्या वाचनालयाचा फोटो काढायला येणार होते. चर आजच्या आज बुजवू म्हणाले होते; आता कसला फोटो, तो तसाच पडलाय."

खिडकीत शोभेच्या झाडाची कुंडी होती. एक फांदी झुकलेली, आणि तिला टेकू म्हणून नारिंगी टोकांच्या दोन काड्या खोचलेल्या. किती टापटीप, असं भाऊजींना वाटलं. टाचणीने चहा संपवला, कप तसाच कान त्याच दिशेला करून ठेवला आणि म्हणाली, "बाई, चार वाजता खाली याल ना? येताना ती कुंडी आणाल?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "आणते," त्या म्हणाल्या.

चार वाजता साहेब आले. पोट सुटलेले, घाम पुसत. "पटकन सांगा, माझाही फोन बंद आहे आणि घरी कळवलेलं नाही."

टाचणी पायवाटेवर उभी राहिली. "आधी यांची गोष्ट," ती झेंडीवाल्याकडे बघून म्हणाली. "यांनी खुणा बरोबर केल्या होत्या. झेंडी उपटता येते, सिमेंटवरचा रंग उपटता येत नाही. पट्टा तिरका आहे, कारण केबलचं वळण तिथूनच सुरू होतं. पट्टा धरून पुढे जा, केबल तुटली तिथेच पोहोचाल."

"म्हणजे झेंड्या ड्रायव्हरने हलवल्या," मुकादम म्हणाला.

"कधी?"

"केबल तुटल्यावर."

"भाऊजी, तुमचा प्रश्न काढा आता."

भाऊजी गडबडले. "गवत... झेंड्यांच्या बुडाशी पुंजके नाहीत."

"झेंडी उभी असताना गवताचं मशीन फिरवलं तर तिच्या बुडाशी गवताचा पुंजका राहतोच. तो आताच्या रांगेत नाही. वळणावर, जिथे मुळात झेंड्या होत्या, तिथेही नाही. म्हणजे गवत कापलं तेव्हा एकही झेंडी जमिनीत नव्हती. आणि गवत कधी कापलं? काल झेंड्या लावल्या तेव्हा गवत वाढलेलं होतं, आणि कापलेला चुरा मातीच्या ढिगाखाली आहे. म्हणजे झेंड्या लागल्यावर, पण चर खणायच्या आधी. या माणसाचं मशीन सकाळी आलं, त्याच्या आधीच झेंड्या निघून सरळ रांगेत लागल्या होत्या."

ड्रायव्हरने टोपी दोन्ही हातांनी धरली.

"माळी गावाला. फोटो उद्या. मग गवत कापलं कोणी?" टाचणीने आवाज खाली आणला. "वळणाला झेंड्या जास्त लागतात, हे मला शिंप्याने सांगितलं. तेवढ्याच अंतराने सरळ लावल्या की काही उरणार. नीटनेटका माणूस उरलेली वस्तू टाकून देत नाही, तिचा उपयोग करतो."

ग्रंथपालबाई कुंडी पोटाशी धरून उभ्या होत्या; फांदीचा टेकू म्हणजे त्या उरलेल्या दोन झेंड्याच होत्या.

"मी काल संध्याकाळी गवत कापलं," त्या म्हणाल्या. "अंगठ्याला फोड आला. झेंड्या काढाव्याच लागल्या. पण मी परत लावल्या. आधी किती वाकड्यातिकड्या होत्या. मला वाटलं, यांनी घाईघाईत कशाही खोचल्यात. म्हणून सरळ केल्या."

झेंडीवाल्याची शिट्टी थांबली. "बाई, तुम्ही माझी केबल सरळ केलीत," तो म्हणाला, आणि त्याला हसूच आवरेना. मग साहेबही हसले.

"आज सकाळी बोलायला हवं होतंत," टाचणी म्हणाली. ती हसत नव्हती.

"दोनदा खाली आले. दोनदा परत गेले." बाई ड्रायव्हरकडे वळल्या. "माफ करा. चूक माझी, आणि भोगत होतात तुम्ही."

ड्रायव्हरने मान हलवली. मग टोपी डोक्यावर घातली.

"सगळी त्यांची नाही," टाचणी म्हणाली. "झेंड्या हलू शकतात, म्हणून तर मशीन लावण्याआधी हाताने खड्डा घेऊन केबल डोळ्यांनी बघायची असते. रांगेत एकच खड्डा घेतला असता तर खाली केबल मिळाली नसती आणि काम तिथेच थांबलं असतं. ड्रायव्हरने विचारलंही होतं. गवत अजून अखंड आहे, मुकादम."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "परवान्याचा प्रश्न येत नाही," ते ड्रायव्हरला म्हणाले. "मुकादम, तुम्ही जरा माझ्याबरोबर चला."

निघताना भाऊजी झेंडीवाल्याजवळ घुटमळले. "घरच्या अंगणातही बघता का हो? एक रोप लावायचंय. खालून पाण्याची लाईन जाते, पण कुठून ते सांगणारं माणूस आता नाही."

"बघतो की. गुरुवारी येतो. तोवर कुदळ लावू नका."

"आणि झेंड्या वाकड्या आल्या तर?"

"तर वाकड्याच राहू द्या."

टाचणी त्यांच्या शेजारून चालत होती. "गुरुवारी मी पण येते," ती म्हणाली.

घरी आल्यावर भाऊजींनी कुदळ आत नेऊन ठेवली आणि रोपाला तांब्याभर पाणी घातलं. लिंबाचं रोप अजून कुंडीतच होतं. खड्डा खणायचा राहिला होता.